पथ्यपत्रक आणि शिधापत्रिका

गेल्या हेमंतात आमच्या चिकित्सालयात पांडुरोगाची एक रुग्णा आली. वय पंचविशीच्या आतले, प्रसूतीस आठ महिने झालेले, मूल अंगावर पिणारे. कुटुंब मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी आमच्या भागात आलेले आणि कारखान्याच्या पलीकडे कोपीत राहणारे. डोळ्यांची व नखांची पांढुरकी झाक, चालताना लागणारी धाप, मंदावलेली भूक. निदानात अवघड असे काही नव्हते. आम्ही औषधयोजना केली आणि नित्याच्या सवयीने छापील पथ्यपत्रक पुढे केले : जुना तांदूळ, मुगाचे यूष, गायीचे दूध, तूप, काळ्या मनुका, डाळिंब, आवळा. सोबत आलेल्या सासूबाईंनी ते आमच्याकडूनच वाचून घेतले, घडी घालून कनवटीस लावले आणि म्हणाल्या, "डॉक्टर, गावाकडनं रेशनचा गहू-तांदूळ बांधून आणलाय. त्यातलं काय चालंल, तेवढं सांगा."

त्या दिवशी आम्ही काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ निभावून नेली. प्रश्न मात्र पाठ सोडीना. जवळजवळ वीस वर्षे आम्ही पथ्य लिहीत आलो. ते ज्या ताटात वाढले जायचे, त्या ताटाची चौकशी कधी केली नाही. आहार हा तीन उपस्तंभांतील पहिला, हे चरकाचे वचन आपण सभांमधून सांगतो. काश्यपाने आहारास महाभैषज्य म्हटले, हेही सांगतो. पथ्यापुढे औषधास दुय्यम ठरविणारा वैद्यजीवनातील लोलिंबराजाचा श्लोक तर आपणांपैकी बहुतेकांस मुखोद्गत आहे. परंतु हे महाभैषज्य रुग्णास कोठून मिळते, कोणत्या हक्काने मिळते आणि किती मिळते, या विषयाकडे आपल्या व्यवसायाने पाठ फिरविली आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ साली झाला. तो आपणांपैकी कितीजणांनी वाचला असेल? आम्हीही या प्रसंगापर्यंत वाचला नव्हता, ही कबुली आधीच दिलेली बरी.

या कायद्यामागचा इतिहास थोडक्यात असा. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता आणि शासनाची गोदामे धान्याने भरून वाहत होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात अन्नाचा हक्क अंतर्भूत आहे, असे तिचे म्हणणे. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने शिधावाटप, अंगणवाडी, शाळेतील मध्यान्ह भोजन आदी आठ योजनांचे लाभ हे कायदेशीर हक्क ठरविले. म्हणजे काल जी शासनाची कृपा होती ते आज देणे झाले. महाराष्ट्रास ही कल्पना अगदीच नवी नव्हती. १९७२ च्या दुष्काळातून आपल्याकडे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, आणि काम मागणाऱ्यास काम देणे हे शासनावर बंधनकारक झाले. काम हक्क होऊ शकते, तर अन्न का नाही?

२०१३ च्या अधिनियमाने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येस स्वस्त धान्याचा हक्क दिला. प्राधान्य कुटुंबास दरडोई दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरड धान्य १ रुपया किलो हे मूळ दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. महाराष्ट्रात कायद्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली आणि राज्याच्या वाट्याला सुमारे ७ कोटी लाभार्थी आले. ही संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर वाढलेली माणसे तीत नाहीत.

आता पाच किलोंचा हिशेब मांडू. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य. त्यातून मिळणारी ऊर्जा पावणेसहाशे कॅलरींच्या आसपास. ऊस तोडणाऱ्या, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणाऱ्या स्त्रीची ही निम्मीही गरज नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या नमुना ताटात २५० ग्रॅमच्या आसपास तृणधान्य आणि ८५ ग्रॅम डाळी धरल्या आहेत, शिवाय दूध, भाज्या, फळे. अधिनियमाने हमी दिलेल्या शिध्यात डाळ शून्य. याचे कारण कोठे शोधायला नको. कायद्याच्या व्याख्येतच ते आहे. तेथे 'अन्नधान्य' म्हणजे तांदूळ, गहू किंवा भरड धान्य. उद्देशिकेत पोषण सुरक्षा आहे, सन्मानाने जगण्यासाठी दर्जेदार व पुरेसे अन्न असेही शब्द आहेत. आणि हक्काच्या कलमात मात्र धान्याचे वजन आहे. स्वस्थवृत्ताच्या भाषेत सांगायचे तर कायद्याने आहाराच्या नावाने सुरुवात केली आणि शूकधान्यावर समाप्ती केली. मात्राशितीय अध्यायात चरकाने नित्य सेवनास योग्य म्हणून षष्टिक, शाली, मूग, सैंधव, आवळा, यव, आंतरिक्ष जल, दूध, तूप, जांगल मांस व मध सांगितले आहेत. त्या यादीशी शिधापत्रिका ताडून पाहावी. तांदळाशिवाय काही जुळत नाही. (गोदामात दोन-दोन वर्षे पडून आलेले धान्य 'पुराण' म्हणून शास्त्रसंमत ठरते, असा विनोद आमचे एक स्नेही करतात. चरकाने जुने धान्य वर्षाचे सांगितले आहे, सोंडे लागलेले नव्हे.)

'पुरेसे अन्न' म्हणजे काय, याची चर्चा जगात झालेली आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात पुरेशा अन्नाचा हक्क आहे आणि भारत १९७९ पासून त्या करारात सहभागी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संबंधित समितीने १९९९ साली या हक्काचा अर्थ स्पष्ट केला : माणसाच्या शरीराची गरज भागेल एवढे व अशा गुणांचे, अपायकारक द्रव्यांपासून मुक्त, आणि त्या त्या समाजाच्या संस्कृतीस मान्य होणारे अन्न. हे वाचताना आम्हांस विमानस्थानाचा पहिला अध्याय आठवला. राशी, प्रकृती, देश, आणि उपयोक्त्याच्या ठायी असलेले ओकसात्म्य. जिनिव्हात बसून त्या मंडळींनी आपल्या आठ आहारविधिविशेषायतनांतील चार तरी नकळत मान्य केली. हा अभिमान मिरविण्याचा मुद्दा नाही. मुद्दा असा की, सात्म्य हा शब्द ज्यांच्या पाठ्यपुस्तकात आहे त्या आपल्यासारख्यांनी शिधावाटपाच्या संदर्भात तो उच्चारलेला नाही.

सात्म्य म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वृद्ध मंडळींना विचारावे. बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो आली. तीही ज्वारीच होती. पोटाची खळगी भरली हे खरे. पण पन्नास वर्षांनंतरही मिलोच्या भाकरीची आठवण काढताना ती माणसे तोंड वाकडे करतात. शाळूच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूर-बीडच्या माणसास, नाचणीवर वाढलेल्या सह्याद्रीतील माणसास दरमहा गहू आणि तांदूळ मिळणे ही लहान गोष्ट नाही. एका पिढीत ताट बदलते. कोपीवरच्या त्या सासूबाईंनाही आम्ही पुढच्या खेपेस विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की ज्वारी आता विकत घ्यावी लागते, म्हणून सणावारी होते.

असे का झाले, याचे मूळ शिधावाटपात नाही. धान्यखरेदीच्या व्यवस्थेत आहे. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले तेव्हापासून हमीभावाची खात्रीची खरेदी प्रामुख्याने गहू व तांदूळ यांची राहिली. जे गोदामात येते तेच दुकानात जाते, आणि जे दुकानात मिळते तेच ताटात येते. डाळी व ज्वारी यांना हमीभाव जाहीर होतो; घेणारा भेटेलच असे नाही. शेतकऱ्याने सोयाबीन किंवा ऊस लावला तर त्यास दोष कसा देणार? परंतु यास पर्याय नाही, असे म्हणणेही खरे नव्हे. कर्नाटकात शिधावाटपात उत्तरेकडे ज्वारी व दक्षिणेकडे नाचणी दिली गेली आहे. ओडिशाने २०१७ पासून भरडधान्यांची मोहीम राबवून नाचणीची शासकीय खरेदी व वाटप सुरू केले. तमिळनाडूने २००७ पासून तूरडाळ व खाद्यतेल सवलतीत दिले. छत्तीसगडने तर केंद्राच्या आधी, २०१२ साली, स्वतःचा कायदा केला आणि त्यात हरभरा व डाळ घातली. आपल्या राज्यात काय झाले? मधूनमधून काही जिल्ह्यांत गव्हाऐवजी ज्वारी किंवा मका आला. २०२२ च्या दिवाळीस 'आनंदाचा शिधा' आला, १०० रुपयांत एक-एक किलो रवा, हरभराडाळ व साखर आणि एक लिटर पामतेल. सणास गोडधोड व्हावे याला कोण नाही म्हणेल. पण पोषणाचा विचार करून कोणी ही चार द्रव्ये निवडली असतील, असे आम्हांस वाटत नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.० टक्के बालके वयाच्या मानाने कमी वजनाची होती; पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३६.१ टक्के. उंचीने खुजी बालके ३४.४ टक्क्यांवरून ३५.२ टक्के. १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रिया ४८.० टक्क्यांवरून ५४.२ टक्के. पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील काम कोविडच्या आधीच उरकले होते, त्यामुळे साथीकडे बोट दाखविता येत नाही. कायदा लागू झाला, धान्य बहुतांशी पोहोचले, तरी अंगावर मांस चढले नाही आणि रक्त वाढले नाही. धान्याचा हक्क निरुपयोगी होता, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्या पाच किलोंनी किती घरांत रात्रीची चूल पेटली, हे आम्ही कोविडच्या काळात डोळ्यांनी पाहिले आहे. भूक भागणे आणि धातू पुष्ट होणे यांत अंतर आहे, एवढेच आम्ही म्हणतो. आणि ते अंतर ओळखणे हे वैद्याचे काम आहे.

या अंतरावर शासनाने योजिलेला उपाय म्हणजे पोषणमूल्यवर्धित तांदूळ. शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ असलेला कृत्रिम दाणा मिसळायचा. २०२१ साली घोषणा झाली व मार्च २०२४ पर्यंत शासकीय योजनांतील सर्व तांदूळ असा करण्यात आला. आमच्याकडे रुग्ण मूठभर तांदूळ कागदात बांधून आणीत आणि हा प्लास्टिकचा आहे का, असे विचारीत. तो प्लास्टिकचा नव्हे, हे आम्ही प्रत्येकास समजावून सांगितले, व्यवसायबंधूंनीही सांगावे. परंतु लोह शरीरात रुजण्यास अग्नी, अनुपान आणि इतर आहाराची साथ लागते, हे लोहकल्प वापरणाऱ्या वैद्यास वेगळे सांगावयास नको. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या भागांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्यासाठीची सूचना पोत्यावर असो वा नसो, पिशवीत घरी जाणाऱ्या सुट्या तांदळासोबत ती जात नाही. डाळ देता येत नाही म्हणून तांदळात लोह घालणे ही आम्हांस व्याधिविपरीत नव्हे, तर सोयीची चिकित्सा वाटते.

अंड्याचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि तेथे आपल्या शास्त्राचे नाव घेतले जाते म्हणून बोलणे भाग आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातील शाळांच्या आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्या मुलास फळ, देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी बंद करण्यात आला. मधल्या काळात अंड्यास विरोध करणाऱ्यांपैकी काहींनी आयुर्वेदाचा आधार दिला. त्यांनी सूत्रस्थानाचा सत्ताविसावा अध्याय वाचावा. कोंबडीसह अनेक पक्ष्यांची अंडी चरकाने क्षीणरेतस, कास, हृद्रोग व क्षत यांत हितकर सांगितली आहेत, मधुर व सद्योबलकर म्हटली आहेत. कोणी स्वतःच्या व्रताने अंडे खाऊ नये. त्याचा आम्ही आदर करतो, आमच्या घरातही ते शिजत नाही. परंतु आपले व्रत दुसऱ्याच्या कृश बालकावर लादताना अत्रिपुत्राची साक्ष काढू नये.

येथे औषधनिर्माते बंधूंशी थोडे कटू बोलतो. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास आणि आयुष या मंत्रालयांत पोषणाबाबत सामंजस्य करार झाला. तेव्हापासून आपल्या वर्तुळात एक अपेक्षा कानी येते : अंगणवाडीच्या आहारात आपले कल्प, आपले ग्रॅन्यूल्स, आपले लेह घातले जावेत. आम्हांस ही दिशा मान्य नाही. शतावरी स्तन्यजनन आहे, निर्विवाद. पण जिच्या ताटात डाळ नाही, तिच्या रसधातूवर शतावरीने कोठून काम करावे? बृंहण द्रव्याने नव्हे तर आहाराने सुरू होते, हे कार्श्यचिकित्सेत आपण शिकलो. शिवाय अंगणवाडीच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले आहे. एका कंत्राटदाराची जागा दुसऱ्याने घेणे, आणि तेही शास्त्राच्या नावाने, हे शोभणारे नाही. आपल्याच काउंटरवरही एक प्रयोग करून पाहावा. बल्य म्हणून जी डबी आपण देतो, तिच्या किमतीत किती मूग येतो, हे एकदा रुग्णास सांगावे. आम्ही गेल्या वर्षी सांगू लागलो. विक्री थोडी घटली, हे खरे आहे.

वैद्याचा राजकारणाशी काय संबंध, असा आक्षेप येईल. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी तो या लेखाचा मसुदा पाहूनच घेतला. त्यांना आम्ही जनपदोध्वंसनीय अध्यायाकडे नेले. पांचालातील कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी पुनर्वसू आत्रेय अग्निवेशास सांगतात की वायू, जल, देश व काल बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसे एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात. बिघाडाचे मूळ अधर्मात आहे, आणि त्या अधर्माची सुरुवात देशाच्या, नगराच्या, श्रेणीच्या प्रमुखांपासून होते. शासनकर्त्याच्या वर्तनाचा प्रजेच्या आरोग्याशी संबंध चरकास ठाऊक होता. उपकल्पनीय अध्यायात तर संशोधनाचा राजेशाही संभार वर्णन केल्यावर त्याने दरिद्री रुग्णाची आठवण ठेवली आहे. सगळ्यांजवळ सगळी साधने नसतात, म्हणून जे मिळेल त्याने उपचार करावा असे सांगितले आहे. आमच्या छापील पथ्यपत्रकात मात्र त्या दरिद्री रुग्णासाठी एक ओळही नव्हती.

त्या रुग्णेकडे वळतो. कायद्याची कलमे तिच्यापुरती वाचली तेव्हा असे आढळले : गर्भवती व स्तनदा मातेस अंगणवाडीतून ६०० कॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा आहार मिळावा, पण प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंतच. ही आठव्या महिन्यात होती. म्हणजे मूल वरचे अन्न नुकते चाखू लागले आणि आईचा हक्क संपला. मुलाचा मात्र सुरू झाला होता. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकास ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा घरपोच आहार, आणि बालक कुपोषित असल्यास ८०० कॅलरी. त्यासाठी शिधापत्रिका लागत नाही आणि स्थलांतर आड येत नाही. कोपीपासून जवळच्या अंगणवाडीत त्याचे नाव घालण्यास दोन फेऱ्या लागल्या. अधिनियमात प्रत्येक गर्भवतीस किमान ६,००० रुपये सांगितले आहेत. २०१७ च्या मातृवंदना योजनेत ते पहिल्या अपत्यास ५,००० झाले. हिचा दुसरा मुलगा. काही मिळाले नव्हते. शिधापत्रिकेवरचे धान्य आता देशात कोठेही उचलता येते, हे त्या कुटुंबास माहीत होते. पण कोयता धरून झिजलेले अंगठे यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून ते गावाहूनच पोती बांधून आणतात.

आणि सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर? तांदूळ भाजून त्याची पेज, गव्हाची खीर करण्याऐवजी भरडा, बांधावरचा तांदुळजा, शेवग्याचा पाला, हंगामात आवळा. संस्काराने जेवढे साधता येते तेवढे सांगितले. आठवड्यातून तीनदा मूठभर मूग विकत घ्यावा, यासाठी औषधातून एक कल्प कमी केला.

संघटनेकडे आमच्या दोन मागण्या आहेत. रुग्णपत्रकात शिधापत्रिकेचा प्रकार, तीवरील नावे व घरातील बालकाची अंगणवाडीतील नोंद, या तीन रकान्यांची भर घालावी. परिषदेच्या नोंदणीकृत वैद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यास लिहिलेले पत्र टाळणे तितकेसे सोपे नसते, आणि धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद कायद्यात आहेच. दुसरी, कायद्याच्या बाराव्या कलमात शिधावाटपातील वस्तूंत हळूहळू विविधता आणण्याचे आश्वासन आहे. त्याच्या आधारे डाळ, तेल व त्या त्या जिल्ह्याचे धान्य शिध्यात यावे आणि स्तनदा मातेच्या आहाराची मुदत वर्षाची व्हावी, असा ठराव राज्य शासन व राज्य अन्न आयोगाकडे पाठवावा. ठरावाचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. येत्या वार्षिक सभेत तो मांडू. अनुमोदक हवा आहे.